आवजो



आज मी निरोप घेण्याविषयी बोलणार आहे. व्याख्यानाच्या आरंभीच निरोपाची भाषा म्हणजे पान वाढण्याआधी विडा मागण्यासारखे झाले. पण विषयच तसा, त्याला इलाज नाही. आणि निरोपही आपला नव्हे, गुजराती. माझ्या नोकरीची नऊ वर्षे बडोद्यास गेली. बडोदे आपणांस परके नाही. गायकवाडांचे हे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरात राज्यात गेले. मराठी घरे मात्र तेथे अजून नांदत आहेत. अशा गावी राहून गुजराती येणार नाही तर काय, असे मला वाटे. आलीही. फक्त ‘आवजो’ हा एक शब्द शिकायला वर्षे लागली.

‘आववुं’ म्हणजे येणे. दारात पाहुणा दिसला की गुजराती माणूस म्हणतो ‘आवो’, आणि पाहुणा जायला उठला की म्हणतो ‘आवजो’. पहिले ‘या’ आत्ताचे, दुसरे पुढचे. त्या भाषेत आज्ञार्थालाही भविष्यकाळ आहे. आपण दोन्ही वेळा ‘या’च म्हणतो आणि फरक सारा स्वरावर सोडून देतो. शिवाय आपल्याकडे कामे वाटलेली आहेत : जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचे, राहणाऱ्याने ‘या’. तेथे दोघेही ‘आवजो’च म्हणतात. यजमान म्हणतो, पुन्हा या. पाहुणा म्हणतो, आता तुम्ही आमच्याकडे या. मुलाबाळांना, बरोबरीच्या जिवलगांना ‘आवजे’ चालते. वडीलधाऱ्यांना ‘आवजे’ म्हणणे म्हणजे त्यांना अरेतुरे करणे. आणि आपल्या जिभेची एक खोड सांगून ठेवतो. आपण ‘जो’ वाचला की ‘जोडा’तला ज काढतो. येथे ‘जीभ’मधला ज हवा.

वैष्णव निघताना ‘जय श्रीकृष्ण’ म्हणतील, जैन ‘जय जिनेंद्र’ म्हणतील. तेही गोडच. पण ‘आवजो’ कोणाचा पंथ विचारीत नाही, म्हणून परक्या माणसाने तोच धरावा.

आता, हा शब्द एकटा येत नाही. ‘चालो त्यारे’ असे म्हणून पाहुणा नुसता हलतो. लगेच ‘बेसो ने!’ होते. तो पुन्हा टेकतो. चहाचा आणखी एक पेला होतो. मग उठाउठ, चपला, आणि उंबऱ्यावर खरे बोलणे सुरू होते. ‘फरी निरांते आवजो’, म्हणजे पुन्हा सवडीने या. ‘संभाळीने जजो’, ‘घेर बधांने याद आपजो’, आणि परगावचा असेल तर ‘पहोंचीने कागळ लखजो’. पाहा, सगळीकडे तोच ‘जो’. पाहुणा दिसेनासा झाल्यावर त्याने काय काय करायचे, ते सारे त्या एका अक्षरात बसते.

काकासाहेब कालेलकर साताऱ्यास जन्मलेले, मराठी मातृभाषेचे. त्यांना गांधीजींनी ‘सवाई गुजराती’ म्हटले. माझी सवाई कुठली, पावकीही नव्हती. पण उंबऱ्यावरची ही सारी वाक्ये पाठ झाल्यावर मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

आमच्या पोळीत शेजारी एक वृद्ध दांपत्य राहत असे. त्यांतील काकी वारल्या. बेसणे होते, म्हणजे समाचाराला जाऊन बसण्याचा कार्यक्रम. मी गेलो, बसलो, उठलो, आणि हात जोडून सवयीने म्हणालो, ‘आवजो, काका.’ त्यांनी हात जोडले, पण ओठ उघडले नाहीत. मान खाली गेली. त्यांचा मुलगा माझ्याबरोबर पोळीच्या तोंडापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, ‘भाई, बेसणामां आवजो न कहेवाय.’

अशा प्रसंगी पुन्हा या, पुन्हा भेटू, असे कोण म्हणेल? आपल्याकडेही दुःखाच्या घरातून ‘येतो’ न म्हणता उठतात. मराठीत हे मला लहानपणापासून ठाऊक होते. गुजरातीत आठवले नाही, कारण तोवर मी ‘आवजो’ हा नुसता आवाज शिकलो होतो. त्यात ‘या’ आहे, हे व्याकरणात वाचले होते. कानाला ते त्या दिवशी कळले.

काकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण मीच बरेच दिवस त्यांना टाळीत असे. पुढे वर्षाभरात माझी बदली झाली. सामान टांग्यात चढले. काका काठी टेकीत ओट्यावर आले. मी वाकून नमस्कार केला, पण तोंडातून शब्द निघेना. म्हणावे की न म्हणावे, हेच कळेना. तेव्हा तेच म्हणाले, अगदी मोठ्याने, साऱ्या पोळीला ऐकू जाईल असे : ‘आवजो, भाई, आवजो!’

मी घाईघाईने उत्तर दिले ते मराठीत. ‘येतो, काका,’ म्हणालो. आणि त्यांना ते बरोबर कळले.