चाल बिघडलेले कृमी



केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता सी. एलेगन्स, मातीत राहणारा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी. रसायन देऊन त्याच्या जनुकांत बदल घडवायचे आणि पुढच्या पिढ्यांत कोण वेगळं निपजतं, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसायचं, असं ते काम. त्यातून सुमारे शंभर जनुकं निश्चित झाली. त्यांतली ७७ अशी होती, की त्यांच्यात बिघाड झाला की कृमीची चालच बिघडे. कारण तेव्हा उमगलं नव्हतं, तरी ते कृमी टाकून न देता संग्रहात ठेवले गेले. आज मला त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

पापणीचा केस काडीला चिकटवून कृमीच्या डोक्याला हलकेच लावला, की निरोगी कृमी नागमोडी वळत मागे सरकतो. त्या संग्रहातले काही कृमी मात्र जागच्या जागी आखडतात. असं का, याचं उत्तर पुढे मिळालं. पाठीकडच्या स्नायूवर चेतापेशी ॲसिटिलकोलीन हा रासायनिक संदेश सोडते, आयन-वाहिन्या उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि स्नायू आवळतो. त्याच वेळी पोटाकडच्या स्नायूवर दुसरी चेतापेशी गाबा हा वेगळा रासायनिक संदेश सोडते. तिथे क्लोराइडची वाहिनी उघडते आणि तो स्नायू सैल पडतो. म्हणून शरीराला बाक येतो. आखडणाऱ्या कृमींपैकी काहींत गाबा बनवणारं एन्झाइमच नव्हतं, तर काहींत गाबाला प्रतिसाद देणारी वाहिनी नव्हती. दोन्ही बाजू एकदम आवळल्यावर तो बिचारा सरकणार कसा?

जंतांवरच्या लेव्हामिसोल या औषधाची कथा मला याहून मोलाची वाटते. ते ॲसिटिलकोलीनची वाहिनी उघडते आणि जंताचे स्नायू ताठरून जातात. या औषधाला न जुमानणारे कृमी शोधले, तेव्हा त्या वाहिनीचे घटक बनवणारी जनुकं हाती लागली, आणि त्यांतली काही ब्रेनर यांच्या संग्रहात आधीपासूनच होती! शेळ्यामेंढ्यांच्या पोटातले जंत औषधाला दाद का देत नाहीत, हे शोधणाऱ्यांना या निरुपद्रवी कृमीने वाट दाखवली.

तेव्हा प्रयोगशाळेत जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अपेक्षेप्रमाणे न वागणारा नमुना फेकू नका. त्याला क्रमांक द्या, वहीत नोंद करा, गोठवून ठेवा.

आणि काम संपलेलं नाही. या कृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच छापून आला. पण नुसत्या नकाशावरून कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे सांगता येत नाही. कोणती वाहिनी किती वेळ उघडी राहते, कोणता रासायनिक संदेश कोणत्या पेशीला चेतवतो किंवा थोपवतो, हे त्या रेषांत दिसत नाही. ते एकेका पेशीत शिरून मोजावं लागतं, आणि त्यासाठी माणसं हवी आहेत.