बांधावरचा तरवड



नांदेडहून कंधार-मुखेडकडे किंवा लातूरहून औसा-निलंग्याकडे निघालात, की मुरमाड माळावर आणि शेताच्या बांधावर कमरेइतकी उंच, पिवळ्याधमक फुलांनी लवलेली झुडपं दिसतात. तो तरवड. त्याचं शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. हे झुडूप अस्सल इथलं, दख्खनच्या मातीतलं. ते ओळखायचं कसं आणि आपल्या बांधावर लावायचं कसं, एवढंच आज सांगणार आहे.

आधी ओळख. पुष्कळजण टाकळ्याला, म्हणजे आपल्याकडच्या तरोट्याला, तरवड समजतात. टाकळा पावसाळ्यात उगवतो आणि बी धरून वाळून जातो. त्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि शेंगा बारीक, लांब, वाकड्या. तरवडाचं खोड लाकडी, तांबूस-तपकिरी सालीचं आणि झुडूप वर्षानुवर्षं टिकणारं. एका पानाला पर्णिकांच्या साधारण आठ ते बारा जोड्या येतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ असते आणि आतल्या बियांचे उंचवटे बाहेरून दिसतात.

तरीही शंका राहिली, तर पान फांदीला जिथं जोडलेलं असतं तिथं बघा. कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर, हिरवी उपपर्णं तिथं चिकटलेली असतात. शिवाय पानाच्या मधल्या दांडीवर, पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये, एक उभी बारीक ग्रंथी असते. या दोन्ही खुणा सापडल्या की तो तरवडच.

आता फुलाकडे या. पाकळ्या पाच, पुंकेसर दहा. त्यातले वरचे तीन वांझ, तर खालचे लांब आणि वाकलेले. या फुलात मध नसतो, मिळतो तो फक्त पराग. तोही पुंकेसराच्या टोकाच्या छिद्रात कोंडलेला. मोठा काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग बाहेर उडतो. सकाळी झुडपाजवळ थोडा वेळ उभं राहा, उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वेगळा असा त्याचा चढा आवाज ऐकू येईल. पिवळी, फिकट पोपटी फुलपाखरं तरवडाच्याच पानांवर अंडी घालतात. म्हणून पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणीची घाई करू नका.

आता पुस्तकातल्या नोंदींकडे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे 1901 ते 1908 या काळात निघालेला टी. कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ आपल्या भागासाठी नव्हता. ती उणीव औरंगाबादच्या विद्यापीठातले डॉ. व्ही. एन. नाईक यांनी 1998 साली मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढून भरून काढली. गावकऱ्यांनी मात्र तरवड केव्हाच ओळखला होता. त्याच्या सालीत भरपूर टॅनिन असतं. कातडी कमावणारे कारागीर बाभळीच्या सालीबरोबर आणि हिरड्याबरोबर तीही वापरत. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. धर्माबाद, बिलोली, देगलूर ओलांडून पलीकडे तेलंगणात गेलं, की हीच फुलं बतुकम्मा या सणाच्या ताटात रचलेली दिसतात. त्या राज्याने तर 2014 मध्ये तरवडाला राज्यफुलाचा मान दिला.

आता लागवड. तपकिरी, वाळलेल्या शेंगा झुडपावरूनच तोडून घ्या. बी काढून पाण्यात टाका आणि तरंगणारं, किडलेलं बी फेकून द्या. या बियांचं कवच टणक असतं. म्हणून पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी जे बी फुगलेलं दिसेल ते पेरायचं. मूळ सरळ खोल जातं आणि रोप उपटून लावलं तर ते दुखावतं, म्हणून पहिला चांगला पाऊस झाला की थेट बांधावर, दोन-दोन फुटांवर टोकण करा. खत लागत नाही, पण पाणी साचता कामा नये. पहिल्या वर्षी भोवतालचं गवत काढत राहा. एकदा मूळ धरलं की पाणी घालावं लागत नाही. शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, छाटलं तर पुन्हा फुटवे येतात, छाटलेला पाला शेतात हिरवळीचं खत म्हणून टाकता येतो.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा प्रदेशात आपण पाणी पिणारी परकी शोभेची झुडपं विकत आणतो आणि पावसावर फुलणारा तरवड यंत्रानं उखडतो, तणनाशकानं जाळतो, हे मला मनापासून खटकतं. बांध साफ करताना निदान तरवड तेवढा राखा. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या कुंपणाला त्याचीच रांग लावा. या हिवाळ्यात शेंगा वाळल्या की मूठभर बी जमवून ठेवा, म्हणजे जूनच्या पावसात ते हाताशी असेल.