ऊन अंजीर, पनीर आणि खारे मांस

अंजीर हे मोठे उतावळे फळ आहे. आंबा अढीत पिकतो, केळे घडावरून काढल्यावरही पिवळे होते. अंजीर मात्र झाडावरून उतरले की त्याची गोडी वाढत नाही. म्हणून पुरंदरच्या बागाइतदारास ते पक्व झाल्यावरच तोडावे लागते, आणि उन्हाळ्याच्या तोंडी, ऐन मीठ्या बहारात, तोडलेले फळ दोन दिवसही धड राहात नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे अंजीर सासवडकडून दिवे घाट उतरते, सारे शहर ओलांडते आणि वारज्यास महामार्गालगतच्या हातगाडीवर येते, तोवर त्याची साल सुरकुतलेली असते. गृहिणी बोटाने चाचपते आणि पुढे जाते.

हा त्या फळावर अन्याय होय. मऊ पडणे निराळे आणि नासणे निराळे. आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली, तर फळ टाकलेच पाहिजे; परंतु नुसते मऊ झालेले अंजीर ऊन करून खाण्यास उत्तम.

अशी सहा अंजिरे ओल्या फडक्याने पुसावीत, देठ काढून वरून अर्ध्यापर्यंत फुलीसारखी चीर द्यावी. अर्धा लिटर दूध लिंबाच्या रसाने फाडून फडक्यात निथळावे, आणि ते पनीर चिमूटभर मीठ घालून, मळून, चमचा चमचा चिरेत भरावे. आंबटाने फाडलेले पनीर तापले तरी वितळत नाही, त्यामुळे ते फळाच्या पोटात टिकून राहते. अंजिराचे दुधाशी नाते तसे जुनेच आहे. कच्च्या अंजिराच्या चिकाने दूध साकळते. होमरने ‘इलियड’ काव्यात त्याची उपमाही योजिली आहे.

आता मांसाविषयी. इटलीत पार्मा प्रांती डुकराची तंगडी केवळ मिठात मुरवून वर्षाहून अधिक काळ हवेवर वाळवितात. ज्यांच्या घरी चालते, त्यांनी अशा मांसाची कागदासारखी पातळ चकती प्रत्येक अंजिराभोवती गुंडाळावी. मग पनीरात मीठ नको. ज्यांच्या घरी चालत नाही, त्यांनी खारे काजू भरडून शेवटी वर पेरावेत. कडवटपणा दाबून गोडी पुढे आणणे हे मिठाचे काम, आणि ते काजवांच्या मिठानेही साधते. मांसाचा खमंगपणा मात्र काजूंना येणार नाही, हे कबूल केले पाहिजे.

जाड तव्यावर चमचाभर तूप सोडून अंजिरे उभी मांडावीत व झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे ऊन करावीत. अधिक वेळ ठेवल्यास रस सुटून करपतो. खट्ट्या बहाराचे फळ असेल तरच थोडा मध घालावा. मीठ्या बहारास तो व्यर्थ आहे. वर मिरपूड घालावी, तव्यावरचा रस चमच्याने अंजिरांवर सोडावा आणि वाफ निघत आहे तोच वाढावीत.