अंगावरचे तीळ

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण)



संक्रांतीला तीळ सगळ्याच वाटतात, म्हणून मी आज अंगावरच्या तिळांविषयी बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण धाकटी मुलगी नर्सिंग शिकते. तिला आणि आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून जे समजले तेवढेच सांगते.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. बाई गोरी असो की सावळी, या पेशी साधारण सारख्याच; कमीजास्त असतो तो त्यांनी केलेला रंग. एरवी त्या पेरलेल्या दाण्यांसारख्या पसरलेल्या असतात. एखाद्या पेशीत बारीकसा बदल होतो, ती एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी वाढू लागते आणि थोडी वाढून आपली आपण थांबते. तो पुंजका म्हणजे तीळ. जन्मतःच तीळ घेऊन येणारे बाळ शंभरात एखादे. बाकीचे तीळ लहानपणापासून तिशीपर्यंत उगवत राहतात. मोठ्या माणसाच्या अंगावर १० ते ४० तीळ असणे नेहमीचेच. काही आईबापांच्या वळणावर जातात, काही उन्हाने वाढतात, गरोदरपणी थोडे काळवंडतात. ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोराच्या अंगावर डाग आला, हे सासूने सुनेला ऐकवायचे आता पुरे झाले. चामखीळ ही निराळीच वस्तू. तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. घोडा बिचारा कुठे सापडतो कोण जाणे!

आता मुलींची गोष्ट. आपल्या आज्या हनुवटीवर मुद्दाम तीळ गोंदवून घेत, ते शोभेचे होते. आणि आज दाखवण्याच्या वेळी ओठावरचा खरा तीळ खुपतो! आमच्या नात्यातल्या एका मुलीने म्हणूनच चुना आणि सोडा कालवून गालावर लावला. तीळ गेला, त्या जागी चवलीएवढा व्रण राहिला. तीळ काढायचाच तर डॉक्टरांनी जागा बधिर करून कापून काढावा आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवावा. पार्लरमध्ये जाळून घेतला की तपासायला काही उरत नाही.

तपासायचे कशाला, असे तुम्ही म्हणाल. आपल्याच मंडळातल्या एक वहिनी इथे बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांच्या टाचेला काळा डाग होता. काटा मोडला असेल, म्हणून त्यांनी वर्षभर लक्ष दिले नाही. डाग पसरला, एक दिवस पायपुसण्यावर रक्त दिसले. परळच्या टाटा हॉस्पिटलात नेले तेव्हा कळले की तो त्या रंगाच्या पेशींचाच कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, जांघेतली गाठही तपासली. वेळेत गेल्या म्हणून वाचल्या. हा रोग आपल्या लोकांत फार विरळा, पण होतो तेव्हा बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे आपण बघतच नाही. बॉब मार्ले नावाचा जमैकाचा जगप्रसिद्ध गायक होता. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच डाग आला; चेंडू खेळताना लागले असेल, असे वाटले. तो १९८१ साली अवघ्या ३६ व्या वर्षी गेला.

तेव्हा भगिनींनो, तीळ मोजत बसू नका. बदलतो कोणता, ते बघा. एक अर्धा दुसऱ्या अर्ध्यासारखा नाही, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोनतीन रंग, पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा, खाज, रक्त, किंवा तिशीनंतर नव्याने उगवून वाढणारा, नाहीतर नखातली काळी रेघ रुंदावत चाललेली, यांपैकी काही दिसले तर तीळ डॉक्टरांना दाखवा. शनिवारी न्हाणे झाले की पाय पुसताना तळवा वर करून पाहावा. पाठ आपल्याला दिसत नाही, ती जावेने किंवा लेकीने बघावी. लाजायचे काय त्यात?

परळला जायचे आणि सोबत कोणी नाही, अशी कोणी असेल तर मला सांगावे. वहिनींबरोबर चारपाच खेपा झाल्या आहेत, केसपेपर कुठे काढायचा ते मला पाठ आहे. सकाळी ठाणे स्टेशनाच्या कोपरीकडच्या तिकीटखिडकीपाशी भेटू. डबा मी आणीन.