पॉलिसी पेटीत ठेवण्याआधी

(माथेरान येथे घोडेवाले, हमाल आणि त्यांच्या घरच्या मंडळींसमोर केलेले भाषण)



माथेरानला मोटारींना बंदी आहे. अलीकडे ई-रिक्षा आल्या. तरी दस्तुरी नाक्यापासून पुष्कळसे ओझे अजून माणूस आणि घोडाच वाहतो. कर्त्या माणसाचे पाय चालतात तोवर घरची चूल पेटते. उद्या तोच गेला, तर मुलाबाळांनी कोणाकडे पाहायचे? म्हणून माणसे विमा उतरवतात. पुष्कळांनी थोडे थोडे पैसे एका ठिकाणी भरायचे, आणि ज्या घरावर घाला पडेल त्या घराला त्यातून मोठी रक्कम द्यायची. विमा म्हणजे एवढेच.

पण नुसता विमा उतरवून भागत नाही. एका घरची गोष्ट सांगतो.

एका हमालदादांनी आयुर्विमा उतरवला. एजंट म्हणाला, "दादा, इथं सही करा, बाकीचं मी भरतो." दादांनी कोऱ्या अर्जावर सही केली. दमा आहे का, असा अर्जात प्रश्न होता. एजंटाने 'नाही' लिहिले. दादांना दमा होता.

हप्ता यायचा श्रावणात. पावसाळ्यात इथे गिऱ्हाईक कमी, हातात पैसा नाही. एका वर्षी हप्ता चुकला आणि पॉलिसी बंद पडली. दिवाळीनंतर पैसे भरून ती पुन्हा चालू केली. पुढे दोन वर्षांनी दादा वारले. कंपनीचे पत्र आले : आजार लपवला, विम्याची रक्कम मिळणार नाही. भरलेले हप्ते तेवढे परत आले.

वहिनी ते पत्र घेऊन आमच्या वर्गात आल्या. आम्ही वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "पाच वर्षं हप्ते भरले हो. मग कायदा कुणासाठी?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. कायदा आहे, तो काय म्हणतो ते पाहू.

विम्याचा कायदा १९३८ सालचा. तेव्हा आयुर्विमा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. काही कंपन्या बुडाल्या, लोकांचे पैसे गेले. १९५६ साली सरकारने २४५ कंपन्या व संस्थांचा आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला, आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. कारभार ताब्यात घेतला तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. पुढे १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली, आणि त्यांच्यावर देखरेखीला सरकारने विमा नियामक प्राधिकरण नेमले.

२०१५ साली कायदा आणखी सुधारला. आता आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षे चालली, की अर्जातली माहिती खोटी होती असे म्हणून कंपनीला रक्कम नाकारता येत नाही. चौकशी करायची ती तीन वर्षांच्या आत करावी. वर्षानुवर्षे हप्ते घ्यायचे आणि माणूस गेल्यावर खोट काढायची, हे चालायचे नाही.

मग वहिनींना रक्कम का नाही मिळाली? पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू झाली, तर ती तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजतात. चुकलेल्या एका हप्त्याने एवढे नुकसान केले.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. कोऱ्या अर्जावर सही करू नका, अंगठा देऊ नका. आजार असेल तर तो लिहा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल.

दोन. पॉलिसी हाती आली की वाचा. पटली नाही तर ३० दिवसांच्या आत परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे परत मिळतात.

तीन. आपला हंगाम उन्हाळ्याचा. वर्षाचा हप्ता मे महिन्यात येईल अशा बेताने विमा उतरवा. तारीख चुकली तर वर्षाच्या, सहामाहीच्या व तिमाहीच्या हप्त्याला ३० दिवस आणि महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस सवलत असते. ती ओलांडू नका. पावती जपून ठेवा.

चार. वारसाचे नाव घाला, आणि पॉलिसी कुठे ठेवली ते घरात सांगा.

एवढे करूनही रक्कम नाकारली तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करा. त्यांची कचेरी मुंबईत आहे, पुण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात, आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो.

वहिनींचा अर्ज आम्ही तिकडे पाठवला आहे. अर्ज एजंटाने भरला, दादांना तो वाचता येत नव्हता, असे त्यात लिहिले आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. पण वहिनींनी त्या अर्जावर सही करण्याआधी तो स्वतः वाचला. अक्षर अक्षर जुळवत, अर्धा तास लागला. दोन चुका त्यांनीच दाखवल्या.

तुम्हीही आता वाचायला शिकला आहात. उद्या वर्गाला येताना आपापली पॉलिसी घेऊन या. आपण सगळे मिळून ती वाचू.