पगारपत्रकामागील विद्या

महिना उलटला की कारखान्यातील कामगाराच्या हाती पगाराची चिठ्ठी पडते. मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, विमा हे तिच्यावरील रकाने कोणी व कोणत्या आधारावर भरले, याचा विचार क्वचितच होतो. ते ठरविण्याचे व निभावण्याचे काम ज्याच्याकडे असते तो वेतन व लाभ व्यवस्थापक. वडोदरे, इंदूर, बेळगाव किंवा गोवे येथील कारखानदारीत ज्या सुशिक्षित तरुणांना शिरावयाचे आहे, त्यांनी या व्यवसायाकडे अवश्य लक्ष द्यावे.

या व्यवसायाचे मूळ कामगारांच्या गाऱ्हाण्यांत आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी-कामगारांनी जे निवेदन केले, त्यात आठवड्याच्या सुटीची मागणी होतीच. शिवाय पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, असेही म्हटले होते. त्या मागण्यांना कायद्याचे रूप यावयास बराच काळ लागला. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये, वेतन वेळेवर देण्याचा १९३६ मध्ये, राज्य विम्याचा व किमान वेतनाचा १९४८ मध्ये, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये, बोनसचा १९६५ मध्ये आणि उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, १९७२ मध्ये झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी या विषयांची नव्याने मांडणी केली आहे. मासिक पगार आता पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो.

नियम पाठ असले म्हणजे काम साधले, असे मात्र नाही. एखाद्या कामगाराला महिना तीस हजार रुपये मिळतात असे समजू. त्यांपैकी दहा हजार मूळ वेतन आणि वीस हजार घरभाडे व प्रवासाचे भत्ते. उपदान दर वर्षाच्या नोकरीस पंधरा दिवसांच्या वेतनाइतके असते व महिना सव्वीस दिवसांचा धरतात. वीस वर्षांच्या नोकरीवर केवळ मूळ वेतन धरले, तर रक्कम सुमारे १,१५,३८५ रुपये होते. परंतु नव्या संहितेप्रमाणे असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजावा लागतो. मग वेतन पंधरा हजार धरले जाते आणि तीच रक्कम सुमारे १,७३,०७७ रुपये होते. जवळजवळ ५८ हजारांचा हा फरक म्हणजे निवृत्त होणाऱ्या माणसाच्या घराचे छप्पर किंवा मुलीचे शिक्षण असू शकते. एका व्याख्येचा अर्थ न समजल्याने तो हातचा जावा, हे बरे नव्हे.

हीच गोष्ट वारसाच्या नोंदीची. निधीच्या खात्यात नाव चुकले किंवा लग्नानंतर नोंद बदलली नाही, तर कमावता माणूस गेल्यावर त्याच्या विधवेला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. दक्ष अधिकारी हे काम कामगार हयात असतानाच पुरे करून घेतो.

या विद्येचे रीतसर शिक्षणही मिळते. मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था आणि जमशेदपूर येथे १९४९ मध्ये सुरू झालेली झेव्हियर संस्था या क्षेत्रात नावाजलेल्या आहेत. वाणिज्य, कायदा किंवा समाजकार्य यांची पदवी असलेला मनुष्यही पगारपत्रकाच्या टेबलापासून आरंभ करून वर चढू शकतो. आता आकडेमोड संगणक करतो. परंतु समान कामाला समान वेतन मिळते की नाही, स्त्रियांना डावलले जाते काय, शेजारच्या कारखान्यातील दरांशी मेळ आहे काय, हा विवेक माणसालाच करावा लागतो.

अशा अधिकाऱ्याला मालकाचा पैसा राखावयाचा असतो आणि कामगाराचा हक्कही. दोहोंची ओढाताण रोजची आहे. चिठ्ठीतील प्रत्येक आकडा मालकाला व कामगाराला एकाच शब्दांत समजावून सांगता आला, म्हणजे त्याने आपले काम नीट केले असे समजावे. गणिताची गोडी, कायद्याची जाण आणि दुसऱ्याच्या संसाराची कणव ज्यांच्या ठायी आहे, त्यांना हे क्षेत्र निश्चित मानवेल.