मुकुटानंतर गणवेश
(धनज, जि. वाशीम येथील भाषण)



पुण्याच्या कशिश मेथवानी यांनी २०२३ मध्ये ‘मिस इंटरनॅशनल वर्ल्ड’ हा सौंदर्यस्पर्धेचा किताब मिळविला. झगमगते जग समोर असता त्यांनी चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतील खडतर शिक्षण पत्करले. २०२५ मध्ये त्या लष्कराच्या हवाई संरक्षण शाखेत अधिकारी झाल्या. मुकुट सर्वांना लाभत नाही, हे खरे. गणवेशाची वाट मात्र आपल्या मुलींनाही मोकळी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून बारावीनंतर मुलींना प्रवेश मिळतो. पूर्वतयारीसाठी नाशिकला शासनाची मुलींची संस्था आहे. परंतु प्रबोधिनीसाठी उमेदवार अविवाहितच लागते. दहावी होताच लग्न उरकले, की हे दार मिटले! शिक्षकांनी ही अट पालकसभेत अवश्य सांगावी, सरपंचांनी ग्रामसभेत.